‘जास्तीकडून कमीकडे’ कोण जातं? अकरावीच्या वर्गातलं एक प्रकरण

प्रश्न साधा होता. बीकरभर पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा टाकला, दोन दिवसांनी सगळं पाणी एकसारखं जांभळं झालं. आता रंगाचे कण काय करत असतील? फोंडा तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी अकरावी विज्ञानाच्या ३६ मुलांना हा प्रश्न कायनेटिक थिअरीच्या, म्हणजे रेणूंच्या सततच्या हालचालीवरून वायूचे गुणधर्म समजावणाऱ्या सिद्धांताच्या, धड्याआधी लेखी विचारला. अर्ध्याहून अधिक मुलांनी लिहिलं की कण आता थांबले, कारण सगळीकडे सारखं झालं. बाकीच्यांनी हलतात असं लिहिलं खरं, पण कण मुळात पसरले का, याचं उत्तर जवळपास सगळ्या वर्गाचं एकच होतं: कण जास्तीकडून कमीकडे जातात.

हे वाक्य चूक नाही, आणि खरी अडचण तीच आहे. नववीपासून मुलं ते लिहितात आणि पूर्ण मार्क मिळवतात. पण थोडं खोदून विचारलं की कळतं, मुलांच्या डोळ्यांसमोर आजूबाजूला बघून रिकामी जागा हेरणारा एक हुशार कण असतो. जागा सारखी झाली की त्याचं काम संपतं आणि तो बसून राहतो. वाक्य गर्दीबद्दलचं आहे आणि मुलांनी ते एकेका कणाच्या माथी मारलं आहे. पुढचा सगळा खटाटोप ही गाठ सोडवण्यासाठी होता.

आमच्याकडे पुस्तकं एनसीईआरटीची. कायनेटिक थिअरी अभ्यासक्रमाच्या शेपटाला येते, तेव्हा वार्षिक परीक्षा दारात असते. दाबाचं सूत्र फळ्यावर सिद्ध करायचं, चार गणितं सोडवायची, की धडा झाला. गणितं मुलांना येतात. साध्या तापमानाला नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर निघतो. मी सांगितलं, हा रेणू वाटेत कुणाला न धडकता सरळ गेला तर पेडण्याहून काणकोणला, म्हणजे गोव्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, सुमारे तीन मिनिटांत पोचेल. वर्ग हसला. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग टीचर, कोपऱ्यात अगरबत्ती लावली की वास इथे यायला इतका वेळ का लागतो?” त्या प्रश्नासाठी तरी हा धडा वर्षाच्या शेवटी ठेवू नये असं माझं मत आहे. मी तो पावसाळ्यात घेतला. मैदान चिखलात होतं, त्यामुळे सगळं शाळेच्या सभागृहात करावं लागलं. ते बरंच झालं, तिथे चौकोनी फरशा आहेत.

रेघेच्या दोन बाजू

सभागृहाच्या मधोमध फरशीच्या कडेवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारली. डावीकडे रेघेला लागून २४ मुलं, उजवीकडे १२. प्रत्येकाच्या हातात एक रुपयाचं नाणं. छापा पडला तर एक फरशी उजवीकडे, काटा पडला तर एक फरशी डावीकडे. दुसरा नियम नाही.

नाणी उडवण्याआधी डावीकडच्या एकाला विचारलं, तू रेघ ओलांडशील याची शक्यता किती? “अर्धी.” उजवीकडच्या एका मुलीला तेच विचारलं. तिचंही उत्तर “अर्धी.” पलीकडे गर्दी कमी आहे, म्हणून तुला तिकडे जावंसं वाटतं का? नाही. मग दोन्ही बाजूंच्या मुलांत फरक काय? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग डाव्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “फरक आमच्यात नाही, टीचर. आम्ही जास्त आहोत, इतकंच.”

नाणी उडाली. डावीकडून सुमारे डझनभर मुलं पलीकडे गेली, उजवीकडून त्याच्या निम्मी अलीकडे आली. निव्वळ वाहणं जास्तीकडून कमीकडे झालं, आणि त्यातल्या एकाही मुलाला ते ठाऊक असायची गरज पडली नाही. उजवीकडून उलट दिशेने, म्हणजे कमीकडून जास्तीकडे आलेली मुलं मी मुद्दाम हात वर करायला लावली. पुस्तकातल्या वाक्यात ही मुलं दिसतच नाहीत.

लगेच दोन्ही बाजूंना १८-१८ उभी केली आणि पुन्हा नाणी उडवली. इकडून साधारण नऊ तिकडे, तिकडून साधारण नऊ इकडे. दोन्ही बाजूंची संख्या जवळपास तीच, पण निम्मा वर्ग जागचा हललेला. “थांबले” असं लिहिलेल्या मुलांना मी वेगळं काही सांगितलं नाही. उत्तरपत्रिका परत दिल्या आणि पेन्सिलने दुरुस्ती करायला सांगितली.

दोनच तास हाताशी असलेल्या शिक्षकाने बाकी सगळं सोडावं, पण हे करावं. सामान म्हणून नाणी आणि चिकटपट्टी पुरते.

किती दूर, किती वेळात

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकाच ओळीत उभं केलं. १६ वेळा डावं-उजवं चालायचं. पहिली फेरी नाण्याशिवाय: मनाला येईल तसं चाला, फक्त शेजाऱ्याकडे बघू नका. फेरी संपली तेव्हा जवळजवळ सगळा वर्ग सुरुवातीच्या ओळीच्या आसपासच घुटमळत होता. दुसरी फेरी नाण्याने. या वेळी काहीजण सहा-आठ फरशा लांब गेले आणि एकजण भिंतीजवळ पोचला.

माणसाला ‘यदृच्छेने’ निवड करायला सांगितली की तो दिशा फार वेळा बदलतो. दोनदा उजवीकडे गेलं की तिसऱ्यांदा डावीकडे जायला हवं, असं त्याला वाटतं. नाण्याला तसं काही वाटत नाही. सलग चार-पाच छापे मुलांना खोटे वाटतात, आणि लांब जाणं घडतं ते नेमकं अशा सलग छाप्यांमुळे. हा फरक आधी ठरवून दाखवायचा होता. नाण्याच्या जागी ‘मनाने’ चाललं तरी चालेल, असं समजून हा खेळ घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तिथे आकडे जुळत नाहीत आणि दोष सूत्राला जातो.

सगळ्यांचं स्थानांतर बेरजेने काढलं तर सरासरी शून्याजवळ येते. एक मुलगा वैतागला, “म्हणजे सोळा वेळा चालून कुणी कुठे गेलंच नाही?” म्हणून आधी प्रत्येकाच्या अंतराचा वर्ग करायचा, मग सरासरी काढायची. चार चालींनंतर ती ४ च्या आसपास यायला हवी, सोळानंतर १६ च्या. ३६ मुलांत ती तंतोतंत येत नाही, आणि ती तशी आणण्याचा हट्ट धरू नये. चाली चौपट झाल्या की पसारा दुप्पट होतो, एवढं फळ्यावरच्या आलेखात दिसलं की पुरे.

एवढ्या हिशेबावर खऱ्या पाण्याकडे वळता येतं. पाण्यात छोट्या रेणूचा विसरण गुणांक (विसरण म्हणजे कणांचं आपोआप पसरणं; ते किती भरभर होतं हे सांगणारा आकडा) सेकंदाला चौरस मीटरच्या एक अब्जांशाच्या घरात असतो. मुलांनी गणित केलं: एक मिलिमीटर पसरायला आठ मिनिटं, एक सेंटिमीटरला सुमारे १४ तास, दहा सेंटिमीटरला जवळपास दोन महिने. हे आकडे फळ्यावर आले आणि दोघा-तिघांनी एकदम हात वर केले. मग तो बीकर दोन दिवसांत पूर्ण जांभळा कसा झाला?

बीकर मी त्यासाठीच ठेवला होता. खड्याभोवतीचं द्रावण जड असतं आणि ते तळाशी पसरतं. खोलीचं तापमान दिवसभर वर-खाली होतं, त्यामुळे पाण्यात मंद प्रवाह फिरत राहतात. रंग दूरवर नेण्याचं बरंचसं काम हे प्रवाहच करतात. वासाचंही तसंच. नववीच्या पुस्तकात गरम जेवणाचा वास लांबून येतो हे उदाहरण कणांच्या पसरण्यासाठी दिलं आहे. मात्र स्थिर हवेत निव्वळ विसरणाने पाच मीटर जायला त्या वासाला आठवडे लागतील, कारण हवेचा रेणू सेंटिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याइतकंही अंतर न कापता दुसऱ्यावर आपटतो. शेजारच्या घरात तळलेल्या बांगड्यांची वर्दी आपल्याला मिळते ती वाऱ्यामुळे. अगरबत्तीच्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाने इथे स्वतःच दिलं.

प्रवाह रोखायचे तर पाणी घट्ट करायचं. चायना ग्रास उकळून परीक्षानळ्यांत ओतलं आणि ते गोठल्यावर वर खाद्यरंगाचं द्रावण घातलं. पहिल्या, चौथ्या आणि नवव्या दिवशी रंगाच्या कडेवर मार्करने खूण करायची. खुणांची अंतरं १:२:३ च्या जवळ यायला हवीत. चतुर्थीची सुट्टी लागण्याआधी नऊ दिवस मिळतील अशा बेताने नळ्या लावाव्यात. नाहीतर शेवटची खूण राहून जाते आणि सुट्टीनंतर नळीत बुरशी सापडते.

दुधाचा थेंब

कणांची हालचाल डोळ्यांनी पाहायची तर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. पिशवीतलं होमोजनाइज्ड दूध घ्यायचं, कारण त्यातले स्निग्धाचे गोळे बारीक केलेले असतात. गोठ्यातून आलेल्या दुधातले गोळे मोठे असतात आणि ते फारसे डुलत नाहीत. एका थेंबात चांगलं पन्नास पट पाणी मिसळायचं, काचपट्टीवर थेंब ठेवून वर आवरण काच, आणि ४०० पट वर्धनाखाली बघायचं.

यात दोन गोष्टी बिघडतात. आवरण काचेच्या कडेने पाणी सुकतं आणि सगळे गोळे मिरवणुकीसारखे एकाच दिशेला निघतात. मुलं तेच वहीत ‘ब्राउनियन हालचाल’ (पाण्याच्या रेणूंच्या धडकांनी होणारी कणांची थरथर) म्हणून उतरवतात. कडांना नेलपॉलिश लावून ती वाळू दिली की मिरवणूक थांबते आणि जागच्या जागी थरथर दिसू लागते. दुसरी अडचण अशी की स्निग्ध वर तरंगतं, म्हणून आधी वरच्या काचेच्या लगेच खाली फोकस करायचा. बरीचशी मुलं तळ शोधत बसतात आणि “काहीच नाही” म्हणतात.

पहिल्या मुलीने नेत्रभिंगाला डोळा लावला आणि म्हणाली, “हालता, टीचर!” दुसरीचा प्रश्न, हे जिवंत आहेत का? वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनला १८२७ साली हीच शंका आली होती. (पुस्तकं ‘परागकण नाचताना पाहिले’ असं सरसकट लिहितात. त्याने पाहिले ते परागकणांच्या आतून बाहेर आलेले बारीक कण, परागकण स्वतः असे नाचायला फार मोठे असतात.) त्याने मग काच आणि दगडाची पूड पाण्यात टाकून बघितली, तीही हलली. आम्ही दिव्याची काजळी घेतली. काजळी जिवंत आहे असं म्हणायला कुणी तयार झालं नाही, आणि प्रश्न तिथेच मिटला.

भ्रमणध्वनी नेत्रभिंगाला टेकवून मिनिटभराचं चित्रीकरण केलं आणि ते प्रोजेक्टरवर लावलं. पडद्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवून एका गोळ्याची जागा दर पाच सेकंदांनी टिंबाने मांडायची. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यानेही असंच केलं होतं, दर ३० सेकंदांनी कणाची जागा टिपून. अंतराच्या वर्गाची सरासरी वेळेच्या पटीत वाढते, हे आइनस्टाइनने १९०५ साली गणिताने मांडलं. पेरँच्या मोजमापांनी ते पटवलं आणि रेणू खरोखरच असतात याबद्दलची उरलीसुरली कुरकूर संपवली. १९२६ साली त्याला नोबेल मिळालं. मुलांना हा नियम फरशांवरून आधीच माहीत होता, त्यामुळे आइनस्टाइनचं नाव ऐकून कुणी दबलं नाही.

पेरँने यासाठी गँबोज नावाचा पिवळा राळेसारखा चीक वापरला. तो गार्सिनिया कुळीच्या झाडाचा असतो, आणि आमचं भिरंड, म्हणजे कोकम, त्याच कुळीतलं. वर्गातल्या निम्म्या घरांत सोलं वाळत घातलेली असतात. या एका माहितीने जे कुतूहल जागं झालं, ते नोबेलच्या उल्लेखाने झालं नव्हतं.

हाउजी

यानंतर एका मुलाने विचारलं, सगळं नाण्याच्या मर्जीवरच आहे तर कधी ना कधी सगळा रंग परत खड्याच्या जागी यायला हवा. का येत नाही? हाच आक्षेप गणितज्ञ झर्मेलोने १८९६ साली भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनच्या वायूंविषयीच्या सिद्धांतावर घेतला होता, हे मी त्याला नंतर सांगितलं. त्या वेळी फक्त एवढंच म्हटलं की उद्या हाउजीचा (तंबोल्याचा) संच घेऊन ये.

गोव्यात हाउजीचे नियम समजावून सांगावे लागत नाहीत. ९० मधून १ ते ३६ एवढ्या सोंगट्या पिशवीत टाकल्या आणि प्रत्येक मुलाला एक क्रमांक दिला. सगळा वर्ग रेघेच्या डावीकडे. आकडा निघाला की त्या क्रमांकाच्या मुलाने बाजू बदलायची, सोंगटी परत पिशवीत जाणार आणि पिशवी हलवायची. पॉल आणि तात्याना एरेनफेस्ट या दांपत्याने १९०७ साली सुचवलेलं हे प्रारूप. त्यांच्या गोष्टीत दोन कुत्री आणि त्यांच्यावर उड्या मारणाऱ्या पिसवा आहेत.

पहिला आकडा कोणताही निघो, मूल उजवीकडेच जाणार, कारण डावीकडेच सगळे आहेत. पिशवीला कोण कुठे उभं आहे याचा पत्ता नसतो. १८ आकड्यांनंतर हिशेबाने डावीकडे सुमारे २४ उरायला हवीत, ३६ नंतर सुमारे २०. आमचे आकडे त्याच्या आगेमागे राहिले. पुढे ते १८ च्या भोवती खाली-वर होत राहिले. एका मुलाचा क्रमांक पुन्हा पुन्हा निघाल्यावर पिशवी नीट हलवली जात नाही, अशी तक्रार आली. तक्रार रास्त आहे. पत्ते पिसल्याने ते किती मिसळतात यावर गोव्यातच जन्मलेल्या दामोदर कोसंबींनी १९५८ साली एका सहकाऱ्यासह शोधनिबंध लिहिला होता. आम्ही पिशवी दुसऱ्या मुलीकडे दिली.

मग चारच मुलं आणि चारच सोंगट्या. दर आकड्यानंतर डावीकडची संख्या फळ्यावर: ४, ३, २, ३, २, १, २, ३, ४. चौघेही परत डावीकडे! ही ओळ उलटी वाचली तर? कुणालाच फरक सांगता येईना. आधीच्या खेळाची ओळ ३६, ३५, ३४, ३३ अशी सुरू होऊन १८ जवळ रेंगाळणारी. ती उलटी वाचल्याबरोबर सगळे ओरडले, “ही उलटी आहे!” पिशवी तीच, नियमही तोच. काळाची दिशा फक्त संख्येमुळे दिसू लागली. या धड्यातला सर्वांत अवघड मुद्दा हा होता, आणि मुलांनी तो ओरडून सांगितला.

सगळे परत डावीकडे यायला सरासरी किती आकडे लागतील? चार मुलांना १६, म्हणजे दोनाचा चौथा घात. ३६ मुलांना दोनाचा छत्तिसावा घात, सुमारे ६८७२ कोटी. दर पाच सेकंदांना एक आकडा धरला तर जवळपास ११ हजार वर्षं. रंग परत येऊ शकतो, असं त्या मुलाने वहीत लिहिलं, आणि पुढे कंसात: थांबायला कुणी नसेल.

गणिताच्या तासाला पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन झालेलं होतं. ३६ मुलांची १८-१८ अशी विभागणी किती प्रकारे होते? ९०७ कोटींहून अधिक. सगळी डावीकडे? एकाच प्रकारे. खेळ बराच वेळ चालला की चारपैकी तीन वेळा डावीकडची संख्या १५ ते २१ मध्ये सापडेल, हेही त्यांनी गणकयंत्रावर काढलं. एन्ट्रॉपी (एखादी स्थिती किती प्रकारे घडू शकते याचं माप) हा शब्द मी इथे आणला, सूत्र नाही. व्हिएन्नात बोल्ट्झमनच्या थडग्यावर ते सूत्र कोरलेलं आहे, त्याचं छायाचित्र दाखवलं आणि त्यातलं एक अक्षर म्हणजे ‘किती प्रकारे’ एवढंच सांगितलं. लॉगची भीती अजून गेलेली नसते. त्या वयात मोजणी पुरते.

नंतरची चाचणी

पंधरवड्याने पुन्हा लेखी प्रश्न दिला, मुद्दाम वेगळ्या कपड्यांत. एकसारख्या रंगलेल्या पाण्यातला एक कण निवडा, पुढच्या तासात तो कुठे जाईल? आणि बीकरचा डावा अर्धा भाग पुढच्या तासात कसा दिसेल? बहुतेकांनी दोन प्रश्नांना दोन स्वतंत्र उत्तरं दिली: कणाबद्दल सांगता येत नाही, अर्ध्या भागाबद्दल जवळजवळ खात्रीने सांगता येतं. “कण थांबतात” हे उत्तर दोन-तीन कागदांवरच उरलं.

“कण समान होण्याचा प्रयत्न करतात” हे मात्र अजून काहींनी लिहिलं होतं. त्यातली दोन मुलं वर्गात सर्वांत हुशार समजली जाणारी, शिकवणीच्या नोट्स पाठ असलेली. त्यांच्या नोट्समध्ये हेच वाक्य छापलेलं आहे, आणि मंडळाच्या परीक्षेत त्याचे गुण कापले जाणार नाहीत, हेही त्यांना माहीत आहे. मी त्यांना चार सोंगट्या देऊन मधल्या सुट्टीत बसवलं आणि विचारलं, २-२ झाल्यावर पिशवीने प्रयत्न सोडून दिला का? एकाने उत्तर खोडून नवीन लिहिलं. दुसऱ्याने नवीन लिहिलं, पण जुनं खोडलं नाही.

पुढच्या तुकडीसाठी क्रम थोडा बदलणार आहे. दुधाचा थेंब रेघेच्या खेळाआधी घ्यायचा, म्हणजे नाणं का उडवायचं हा प्रश्न मुलांकडून येईल. हाउजीला जोडतास हवाच. एकेरी तासात डावीकडची संख्या १८ जवळ पोचते न पोचते तोच घंटा होते, आणि रेंगाळणारा भाग बघायचा राहून जातो. वेळापत्रकात जोडतास फक्त प्रात्यक्षिकांना मिळतो, म्हणून मी हा खेळ भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिक वहीत प्रयोग म्हणून लिहायला लावला आहे: साहित्य, कृती, निरीक्षण तक्ता, आलेख. साहित्याच्या रकान्यात पहिली ओळ, हाउजीचा संच, एक.